फ्रिजचं दहावं

करंजगावात फ्रिज गेला की त्याचं दहावं करावं लागतं, आणि पिंडाला कावळा शिवल्याशिवाय दुकानदार नवा फ्रिज घरी पोचवत नाही. मिक्सर, गिझर, पंखे, वॉशिंग मशीन, सगळ्यांना हाच नियम आहे. बाहेरगावची माणसं ऐकून हसतात. हसोत बापडी. त्यांच्याकडे चालता टीव्ही गोणपाटात गुंडाळून दुसऱ्याच्या गल्लीच्या कोपऱ्यावर ठेवून येतात आणि घरी येऊन खुशाल चहा पितात. आमच्याकडे निदान चार माणसं जमतात, गुरुजी येतात, गेलेल्याविषयी दोन शब्द बोलले जातात.

नियम नगरपालिकेचा. लोक ऊठसूट वस्तू बदलतात, भंगाराचा ढीग वाढतच चाललाय, यावर उपाय काय, म्हणून सभा भरली होती. तिथे एका सभासदाने मुद्दा मांडला की गिऱ्हाईक स्वतःला फसवतं, दुकानदार गिऱ्हाइकाला फसवतो आणि दोघं मिळून पालिकेला फसवतात. पण कावळ्याला आजवर कोणी फसवलेलं नाही. ठराव एकमताने पास झाला. तेव्हापासून नदीच्या घाटावर, भंगारशेडला लागून, वस्तूंसाठी वेगळा ओटा आहे. वस्तू दहा दिवस शेडमध्ये ठेवायची, दहाव्याला ओट्यावर आणायची, कावळा शिवला की भंगारवाला तिला हात लावणार. त्याआधी नाही.

हेमांगी धारप ही गावातल्या हरित गृहिणी मंडळाची उपाध्यक्ष. बोलायला फर्डी. कॉलेजात, भिशीत, हळदीकुंकवात, जिथे माइक मिळेल तिथे ती सांगायची, "नवी वस्तू घेण्याआधी स्वतःला विचारा, हिची मला खरंच गरज आहे का?" ती स्वतः प्रत्येक वेळी विचारायची. प्रत्येक वेळी उत्तर हो असं यायचं. पंखे बदलले, कारण नवे वीज कमी खातात. मशीन बदललं, कारण नवं पाणी कमी पितं. मिक्सर बदलला, कारण नव्याच्या खोक्यावर हिरवं पान होतं. जुने सगळे रीतसर दहावं होऊन गेले, आणि मंडळात हेमांगीचा मान वाढत गेला. मंडळात मान असाच मोजतात. अध्यक्ष कुमुदिनीताई शेवड्यांनी एका वर्षात सहा दहावी केली होती, म्हणून त्या अध्यक्ष.

आता धारपांच्या घरात वीजबचतीचे पाच तारे नसलेला एकटा फ्रिज उरला होता. मेंदी रंगाचा, एका दाराचा, तिच्या नवऱ्याच्या, मुकुंदच्या पहिल्या बढतीला घेतलेला. चालत उत्तम होता. नुसतं दाराचं रबर सैल झालं होतं, त्यामुळे दार नीट लागायचं नाही आणि आत बर्फाचे डोंगर साचायचे. मुकुंदच्या आत्यांनी, म्हणजे घरातल्या बायोआत्यांनी, परकराची नाडी मुठीला बांधून ती शेजारच्या खिळ्याला अडकवली होती. "रबर बदला गं त्याचं," त्या येता-जाता म्हणायच्या. "बघू," असं हेमांगी म्हणायची. कारण मंडळातर्फे 'हरित घर' अशी पितळी पाटी दारावर लागायची होती, आणि पाटीच्या नियमात स्पष्ट होतं की घरात पाच ताऱ्यांखालचा एकही फ्रिज हयात नसावा. रबर बदलून कोणाचे तारे वाढत नाहीत.

तेव्हा एका दुपारी, मुकुंद ऑफिसात असताना, हेमांगीने फ्रिजची पिन काढली.

जिवावर आलं, खोटं कशाला बोला. पण पृथ्वीचा विचार करायचा तर मन घट्ट करावं लागतं. तासाभरात बर्फ वितळून पाणी जमिनीवर आलं. बायोआत्या फडकं घेऊन आल्या आणि पाणी टिपता टिपता म्हणाल्या, "रडतोय गं हा." हेमांगी म्हणाली, "आत्या, उगाच काहीतरी बोलू नका," आणि पालिकेला फोन लावला.

वस्तूंच्या मृत्यूची नोंद करायला पालिकेचे वायचळ आले. सज्जन माणूस. चपला बाहेर काढल्या, फ्रिजच्या पाठीला कान लावला, बराच वेळ ऐकलं. दार उघडून आतल्या दिव्याकडे पाहिलं. मग हात आत घालून म्हणाले, "अंग कोमट आहे. गेला."

"अहो, पण त्याची पिन काढलीय की," बायोआत्या म्हणाल्या. "ती बघा लोंबतेय."

वायचळांनी पिनेकडे पाहिलं आणि सभ्यपणे नजर वळवली. "आजी, पिन वीजखात्याकडे येते. आमच्याकडे फक्त फ्रिज. आज मी त्यांच्या हद्दीत बोललो, तर उद्या ते माझ्या हद्दीत बोलतील."

हेमांगीने आत्यांकडे असं काही पाहिलं की आत्या फडकं पिळायला निघून गेल्या. दाखला मिळाला. टेम्पो आला, फ्रिज शेडमध्ये गेला. हेमांगीने दुकानात जाऊन दोन दारांचा, पाच ताऱ्यांचा, खोक्यावर एक सोडून तीन हिरवी पानं असलेला फ्रिज बुक केला. दहाव्याच्या दिवशीच पोचवा म्हणाली. त्याच संध्याकाळी मंडळ घर पाहायला येणार होतं.

मग सुतक. फ्रिजच्या सुतकात घरात गार काही खात नाहीत. दूध आलं की लगेच तापवायचं, भाजी आणली की त्याच दिवशी संपवायची. शेजारपाजारचे भेटायला यायचे आणि हॉलमध्ये बसून हळू आवाजात विचारायचे, "कसं काय झालं हो? परवा तर आमच्या सरबताला बर्फ दिला त्याने." मुकुंद हात जोडून म्हणायचा, "काही त्रास दिला नाही बिचाऱ्याने." तो खरंच खचला होता. ज्याने दार जास्त वेळा उघडलं त्याने दहावं करायचं, अशी रीत आहे, आणि मुकुंदएवढं ते दार कोणी उघडलं नव्हतं. त्याने मिशी काढली.

हेमांगी मात्र कोरडी होती. तिसऱ्या दिवसापर्यंत. तिसऱ्या दिवशी फ्रिजमधून घाईघाईने काढून स्वयंपाकाच्या ओट्याखाली सरकवलेलं सामान ती आवरायला बसली, तेव्हा त्यात एक स्टीलचा डबा हाताला लागला. तिच्या आईने शेवटच्या उन्हाळ्यात करून पाठवलेला आमरस. आई गेल्यावर तो खाण्याचा धीर झाला नव्हता, म्हणून फ्रीझरच्या कोपऱ्यात राहिला होता. त्यावर कितीतरी उन्हाळे गेले. लोडशेडिंगच्या दिवसांत त्या फ्रिजने बाकी सगळं नासू दिलं असेल, पण तो डबा दगडासारखा घट्ट ठेवला होता. हेमांगीने झाकण उघडलं. आंबूस वास आला. ती तशीच जमिनीवर बसून ढसाढसा रडली. तेवढ्यात भेटायला आलेल्या बायकांनी ते पाहिलं आणि गावभर सांगितलं की धारपबाईंचा फ्रिजवर फार जीव होता हो.

हेमांगीने डबा घासून फळीवर पालथा घातला.

दहाव्याला सकाळी सगळे घाटावर जमले. लेले गुरुजी आले. वायचळ शिवल्याची नोंद करायला आले. कुमुदिनीताई अध्यक्ष या नात्याने हिरवी साडी नेसून आल्या. घाटाच्या तोंडाशी दुकानाचा टेम्पो उभा होता आणि त्यात नवा फ्रिज, लाल फीत बांधलेला. ओट्यावर जुना फ्रिज, मुठीला अजून ती नाडी.

लेले गुरुजींनी पिंड मांडला. मिक्सरला खोबऱ्याच्या चटणीचा पिंड असतो, इस्त्रीला खळीचा, फ्रिजला शिळ्या भाताचा. शेजारी अर्धं लिंबू, कागदात गुंडाळलेली कोथिंबीर आणि वर ताटली झाकलेली कालची आमटी. आयुष्यभर जे सांभाळलं तेच शेवटी ठेवायचं. मुकुंदने पाणी सोडलं आणि सगळे मागे सरकले.

कावळे होते. घाटावरचे कावळे काय विचारता, दहाव्यांवर चांगले गुबगुबीत झालेले. शेडच्या पत्र्यावर ओळीने बसून ते पिंडाकडे बघत होते. एकही खाली उतरेना.

"काही इच्छा राहिली असेल," गुरुजी म्हणाले. "बोला. वचन द्या."

मुकुंदने हात जोडले. "तुझ्या स्टॅबिलायझरला आम्ही अंतर देणार नाही."

कावळे ढिम्म.

"तुझ्या अंगावरची सगळी मॅग्नेट नव्यावर लावू. त्यातला गणपती मधोमध."

काही नाही. मुकुंद फ्रिजच्या आणखी जवळ सरकला. "श्रीखंड मी खात होतो रे," तो म्हणाला. "डॉक्टरांनी बंद केलं होतं. हिला वाटायचं तू आटवतोस. तुझ्यावर आळ आला, मी गप्प बसलो." एका कावळ्याने मान तिरकी करून त्याच्याकडे बघितलं, पण जागचा हलला नाही. हेमांगीनेही बघितलं. ते प्रकरण घरी गेल्यावर निघणार होतं.

"मी बोलते," असं म्हणत कुमुदिनीताई पुढे झाल्या. त्यांना वस्तूंशी बोलायची सवय होती. "हे बघ, तुझ्या जागी येणारा तुझ्या निम्मी वीज खाईल. तुझ्या नावाने मंडळ अकरा झाडं लावेल." झाडं म्हटल्याबरोबर सगळेच्या सगळे कावळे पत्र्यावरून उडाले आणि लांब चिंचेवर जाऊन बसले. मंडळाने आजवर लावलेली झाडं त्यांनी पाहिली असावीत.

ऊन चढलं. टेम्पोवाला हॉर्न वाजवायला लागला. कावळा शिवेपर्यंत कोणाला पाण्याचा घोटही घेता येत नाही. मुकुंदने गुरुजींना बाजूला घेऊन विचारलं, "दर्भाचा कावळा करून शिवून टाकू या का?"

"दर्भाचा बंद झाला," गुरुजी म्हणाले. "गेल्या दिवाळीच्या सेलपासून. त्या आठवड्यात घाटावर एक खरा कावळा उतरला नाही, आणि गावात घरोघर नवा टीव्ही आला. आता दर्भाचा चालत नाही."

कुमुदिनीताई नदीकडे बघायला लागल्या. त्यांची सहाही दहावी गेल्या दिवाळीआधीची होती. मग घसा साफ करून म्हणाल्या, "काहीतरी तसंच राहिलं असणार बाई त्याचं. नाहीतर एवढं कोण अडून बसतं? हेमांगीताई, तुम्हाला काही ठाऊक आहे का?"

हेमांगी मनात हिशोब करायला लागली. बोललं तर पाटी गेली, उपाध्यक्षपद गेलं, गावात तोंड दाखवायला जागा नाही. माइकसमोर उभं राहिलं की पहिल्या रांगेतली बाई शेजारणीला कोपर मारणार, हीच ती, पिनवाली. न बोललं तर काय? कावळा शिवणार नाही, टेम्पो परत जाईल, सुतक संपणार नाही. तरी तेही चाललं असतं. लोकांना वाटलं असतं, फ्रिजच हट्टी.

तिने आत्यांकडे पाहिलं. बायोआत्या पदर डोक्यावर घेऊन सावलीत बसल्या होत्या. "मला विचारू नकोस," त्या म्हणाल्या. "माझं त्या वायचळांनी नाही ऐकलं, कावळा काय ऐकणार? दहावं ज्याचं त्याने करायचं आणि बोलायचं ज्याचं त्याने."

हेमांगी ओट्याजवळ गेली. नाडी खिळ्यावरून सुटल्यामुळे फ्रिजचं दार जरासं उघडं होतं. आतूनही तसाच वास येत होता, आंबूस. तिला राग आला, कोणाचा ते तिचं तिलाही कळलं नाही, आणि त्या रागातच डोळे भरून आले. ती वाकून पिंडापाशी काहीतरी पुटपुटली.

"मोठ्याने," गुरुजी म्हणाले. "चिंचेपर्यंत ऐकू गेलं पाहिजे."

"हळू बोललं तर नाही चालत?"

"हळू बोललेली वचनं लोक घरी जाईपर्यंत विसरतात."

हेमांगीने पदर खोचला आणि माइकवर बोलायच्या सवयीने खणखणीत आवाजात म्हणाली, "तू गेला नव्हतास. पिन मी काढली. पाटीसाठी काढली. आईचा रस तू इतकी वर्षं सांभाळलास आणि मी एका दुपारीत घालवला. चल घरी. नवा आणत नाही मी. तुझं रबर..."

रबर म्हणेपर्यंत कावळा पिंडावर होता. आधी भात, मग लिंबू सोडून बाकी सगळं. आमटीवरची ताटली त्याने चोचीने बाजूला केली.

मुकुंद फ्रिजकडे बघत होता, मग हेमांगीकडे, मग पुन्हा फ्रिजकडे. "मी मिशी काढली गं," तो एवढंच म्हणाला.

वायचळांनी नोंद केली: कावळा शिवला. मग टोपी सारखी करून म्हणाले, "आता एक अडचण आहे. याचा मृत्यू नोंदला गेलाय. नोंद रद्द करायची सोय पालिकेत नाही. माणसांचीही होत नाही. तांबट आळीतले एक गृहस्थ कागदावर कधीचे वारलेत, पाणीपट्टी मात्र दर वर्षी वेळेवर भरतात."

"म्हणजे याला घरी नेता येणार नाही?" हेमांगीने विचारलं.

"नेता येईल की. कैलासवासी म्हणून न्या. कैलासवासी वस्तू घरात ठेवायला बंदी नाही. पिन लावायची की नाही ते वीजखात्याला विचारा. ते म्हणतील, आमच्या नोंदीत असा फ्रिजच नाही."

"पण तुम्हाला पिनेचं पहिल्या दिवशीच ठाऊक होतं!" कुमुदिनीताई कडाडल्या.

"मला होतं," वायचळ शांतपणे म्हणाले. "ऑफिसला नव्हतं."

नवा फ्रिज तसाच परत न्यायचा नव्हता, म्हणून टेम्पोवाला कुमुदिनीताईंना म्हणाला, बाई, तुम्हीच घ्या, आजच्या आज दोन हजार कमी. कुमुदिनीताईंनी स्वतःला विचारलं, याची मला खरंच गरज आहे का. त्यांच्या घरातला फ्रिज दीड वर्षाचा होता, पण नव्याला पानं तीन होती. त्या घाटावरूनच वायचळांना नोंदीसाठी घेऊन घरी गेल्या.

संध्याकाळी मंडळ ठरल्याप्रमाणे धारपांकडे आलं. आत्यांनी बाजारातून रबर आणवलं होतं आणि मुकुंदने ते बसवलंही होतं, जरा वाकडं, पण बसलं होतं. मेंदी रंगाचा फ्रिज त्याच्या जागी घुं घुं करत उभा होता आणि त्याच्या वरच्या भिंतीवर त्याचाच फोटो, चंदनाचा हार घातलेला, कारण फोटो आधीच फ्रेम होऊन आला होता. मंडळाच्या बायकांनी नियम काढले आणि बराच वेळ वाद घातला. हा चालतोय, असं एक म्हणाली. दुसरी म्हणाली, चालेना का, दाखला बघा, हयात नाही. पाच ताऱ्यांखालचा हयात फ्रिज या घरात नाहीच, उलट या घरात फ्रिजच नाही, म्हणजे यांच्याइतकं हरित घर गावात दुसरं कुठलं? कुमुदिनीताईंना स्वतःच्या हाताने पाटी ठोकावी लागली. हातोडी बोटावर बसली. मग सगळ्यांनी कोकम सरबत घेतलं. बर्फ कुठून आला ते कोणी विचारलं नाही.

हेमांगी अजून भाषणं करते. पण 'स्वतःला विचारा' असं आता म्हणत नाही. "कावळ्याला विचारा," असं म्हणते, आणि पहिल्या रांगेतली बाई शेजारणीला कोपर मारते.

कुमुदिनीताईंच्या दीड वर्षाच्या फ्रिजला कावळा शिवायचा राहिलाय. अकरा झाडांची एकशे अकरा झाली, तरी कावळे चिंचेवरच आहेत. ताईंनी आता घाटावर घडीची खुर्ची नेऊन ठेवली आहे. तीन पानांचा फ्रिज दुकानात तसाच फितीत आहे. दुकानदार सांगतो की त्याहून चांगला, चार पानांचा, पुढच्या महिन्यात येतोय. ते ऐकल्यापासून ताई जास्तच अस्वस्थ आहेत.

परवा धारपांनी फ्रिजचं वर्षश्राद्ध केलं. लेले गुरुजी जेवले, वायचळ जेवले, मुकुंदने श्रीखंडाला हात लावला नाही. बायोआत्यांनी पान स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलं आणि कावळा लगेच आला. सगळं आवरल्यावर हेमांगीने उरलेली खीर स्टीलच्या डब्यात काढली, तोच आईचा डबा, आणि फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात ठेवून दार लावलं. घट्ट लागलं.